पुढच्या बंपरवरचा हात

क्रोमच्या बंपरसमोर माणूस उभा राहिला की त्याला आधी स्वतःचं पोट दिसतं. बंपर मधोमध फुगीर असतो, त्यामुळे काडीपैलवानही त्यात शेठजी दिसतो. देवरीच्या हायवेला माझी टिनाची शेड आहे आणि उभं आयुष्य मी तिथे लोकांना त्यांची पोटं दाखवण्यात घालवलं. सरळ सांगायचं तर गाड्यांचे बंपर, हबकॅप, दाराच्या मुठी, आरशांच्या पाठी असल्या चकचकीत भागांवर चढलेला गंज मी काढतो. आता कमीच काढतो. गुडघे कुरकुरतात आणि नव्या गाड्यांना क्रोम असतो कुठे? सगळं प्लास्टिक. त्याला गंज चढत नाही आणि त्यात कोणी दिसतही नाही.

आम्ही कोहळी. माझं मूळ गाव अर्जुनी मोरगावकडचं. आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवलं. मी त्याच पाण्यानं केलेले उपद्व्याप निस्तरत बसलो. आषाढापासून आश्विनापर्यंत आमच्याकडे हवाच ओली असते. धानाच्या बांध्यांत पाणी उभं, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मिठाची बरणी पाझरते. अशा हवेत लोखंडाचं काय होत असेल ते सांगायला नको. माझी बायको सिंधू याच्यावरून मला चिडवायची, "आज्यानं पानी अडवलन, अना नातू पान्याचे डाग पुसून राह्यला!"

माझी ख्याती एकच. मिस्त्रीनं काढलेला गंज परत येत नाही, असं आमगावपासून चिचगडपर्यंत लोक सांगतात. मी ते मान खाली घालून ऐकतो. ऐकायला आवडतं म्हणूनच मान खाली घालतो. पण एका गाडीच्या बाबतीत मी जाणूनबुजून काम कच्चं सोडलं आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. ती गोष्ट कुठेतरी उतरवून ठेवावी असं फार दिवस मनात आहे.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं क्रोम म्हणजे आरपार चांदीसारखा धातू. तसं नसतं. आत लोखंड, त्यावर निकेलचा थर आणि सगळ्यात वर क्रोमची कातडी. ही कातडी कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तिला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, पाणी आत शिरतं आणि आतलं लोखंड तांबूस होऊन त्या भोकातून बाहेर डोकावतं. वर ठिपके दिसतात ते तेवढेच. असा वरवरचा गंज काढायला यंत्र लागत नाही. गाडी साबणानं धुवायची, कोरडी करायची. मग पोळ्या गुंडाळतात ती चांदीसारखी पन्नी घ्यायची, तिचा बोळा करून साध्या पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हातानं गोल गोल घासायचं. पूर्वी ही पन्नी आमच्याकडे मिळत नसे, तेव्हा मी पानठेल्यावरून सिगारेटच्या रिकाम्या पाकिटातली चांदी गोळा करायचो. पन्नी मऊ, क्रोम कडक, म्हणून ओरखडा पडत नाही. थोड्या वेळानं बोटांखाली करडा-तपकिरी चिखल जमतो. तो पुसला की खाली चकाकी. शेवटी मऊ फडक्यानं मेण लावायचं, म्हणजे ती बारीक भोकं बुजतात आणि पाणी आत जात नाही. मेण बरोबर बसलं की नाही हे पाहायला मी वरून चूळभर पाणी शिंपडतो. मेणावर पाण्याचे मणी होऊन उभे राहतात. मेण नसेल तिथे पाणी पसरतं. एवढीच माझी विद्या, आणि ती फुकट दिली. तुम्ही हे वाचाल तेव्हा दिवाळीसाठी धुतलेली गाडी दारात उभी असेलच, करून पाहा. तारेची घासणी मात्र लावू नका, आणि राख तर मुळीच नको.

राखेची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या जिल्ह्यात जिकडे तिकडे राईस मिला. त्यांच्या भट्टीतून निघणारी कोंड्याची राख म्हणजे आमच्या बायांचा जीव की प्राण. भांडी तिनेच घासतात, म्हातारी माणसं दातही तिनेच घासतात. गोरेगावकडच्या एका घरच्या तिघी सुनांनी दसऱ्याला पाणी भरायचे पितळेचे गुंड घासता घासता गाडीचे दोन्ही बंपरही चिंच आणि कोंड्याची राख लावून घासून काढले. चांगला अंगातला जोर लावून. सासूबाई स्वतः गाडीत बसून माझ्याकडे आल्या.

"मिस्त्री, गुंड पाहा जी येऊन, कसे लखलखून राह्यले! अना ह्यो बंपर काऊन रुसला?"

मी म्हणालो, "आजी, पितळ आतपर्यंत पितळच असते. याची वरची कातडी तेवढी चमकदार. ती तुमच्या सुनांनी खरडून काढली."

आजी बंपरकडे बघत राहिल्या. कातडी गेली होती तिथे निकेलचा पिवळट रंग वर आला होता. "म्हंजे आमच्या धाकल्या जावयावानीच निंगाला," त्या म्हणाल्या आणि एवढ्या हसल्या की ड्रायव्हरला त्यांना धरावं लागलं. गेलेला क्रोम घासून परत येत नाही. बंपर नागपूरला पाठवून नव्यानं मुलामा चढवावा लागला. आजी दर दसऱ्याला मला निरोप पाठवत, की यंदा गाडीले हात लावू देलो नाई.

या कामात दुपारची वेळ फार वेगळी असते. जेवणं झालेली, हायवेवर वर्दळ कमी, शेडच्या मागच्या तळ्यावर बगळे. हात गोल गोल फिरत असतो आणि डोकं हळूहळू कुठेतरी निघून जातं. समोर हबकॅप असतो. आधी त्यात काहीच नसतं, नुसती तांबूस धूळ. मग एका कोपऱ्यात आभाळ उगवतं. थोड्या वेळानं शेडचा खांब येतो, रस्ता येतो, रस्त्यावरून जाणारी बस येते, उलट्या बाजूला वाकून निघून जाते. शेवटी आपण स्वतः येतो. मला कितीतरी वेळा असं वाटलं आहे की हे सगळं त्या गंजाखाली आधीपासूनच होतं, मी फक्त वरचं झाकण उघडलं. सिंधू डबा घेऊन यायची तीसुद्धा मला आधी हबकॅपमध्येच दिसायची. बोटाएवढी, मग वीतभर, मग एकदम मागून आवाज, "जेवता का त्यातच डोरे लावून बसता?"

एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला, लांबचा, रायपूरच्याही पलीकडचा. त्यानं ट्रकचा मोठा आरसा आणि दोन हबकॅप माझ्यासमोर टाकले आणि बाकावर आडवा झाला. म्हणाला, "उस्ताद, जब इसमें मेरा चेहरा दिखे तब उठाना." चार तास झोपला. उठवलं तेव्हा त्यानं हबकॅप हातात घेतला, तोंडाजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिलं. मग खाली ठेवत म्हणाला, "थोड़ा जंग रहने देते, उस्ताद. इतना साफ़ देखने की आदत नहीं रही." मला वाटलं तो गंमत करतोय, पण तो हसला नाही. जाताना हबकॅपवर हळूच एक फडकं टाकून गेला.

आता सिंधूबद्दल. ती शेतीचं बघायची, दुपारी शेडवर यायची, गिऱ्हाइकांना चहा करून द्यायची. नवी नवरी असताना धान कापताना तिच्या उजव्या हाताला विळा लागला होता. जखम भरली, पण करंगळीचा सांधा कायमचा वाकला. चार बोटं एका बाजूला आणि करंगळी रुसल्यासारखी लांब. तिनं कपबशी पुढे केली की नवं माणूस आधी त्या करंगळीकडे बघायचं.

दसऱ्याला शेडमध्ये ज्या गाड्या उभ्या असतील त्या सगळ्यांची पूजा ती करायची. आपली, परक्याची, ट्रक, जीप, तिला फरक नव्हता. परातीत हळद आणि तांदळाचं पीठ कालवायची, त्यात उजवा हात बुडवायची आणि गाडीच्या बरोबर कपाळावर म्हणजे पुढच्या बंपरच्या मधोमध उमटवायची. पोळ्याला बैलाच्या पाठीवर उमटवतात तसा. मला ते बघवायचं नाही. ओलं पीठ वाळून क्रोमला चिकटून बसतं, ओल धरून ठेवतं, आणि पंधरा दिवसांनी त्याच्याखाली गंज धरलेला असतो. मी हे तिला दर वर्षी सांगायचो.

ती म्हणायची, "अजी, पोळ्याले बैलावर हात मारते तं बैल गंजते का?"

"बैलाले क्रोम नसते."

"तं मंग बैलच बरा!"

तिची पाठ वळली की मी ओलं फडकं घेऊन एकेका गाडीवरचा हात पुसून टाकायचो. तिला ते माहीत होतं. ती पुढच्या दसऱ्याला आणखी जोरानं उमटवायची. आमच्या संसारातलं हे सणासुदीचं भांडण होतं आणि खरं सांगायचं तर त्याची मला मजा वाटायची. तिलाही वाटत असेल असं मी धरून चाललो होतो.

पण एका दसऱ्याला मी चुकलो. शेडमध्ये चार लोक बसले होते, एका मोठ्या गिऱ्हाइकाची नुकतीच चमकवलेली जीप उभी होती. सिंधूनं हात उमटवला, आणि तिचा हात अजून ओला असताना, सगळ्यांच्या देखत, मी तो पुसला. वरून म्हणालो, "घंटाभर घासलो मी हे, अना तू दोन मिनिटात वाट लावतेस." लोक हसले. सिंधू हसली नाही. परात उचलून ती शेडच्या पलीकडच्या बाजूला उभ्या गाड्यांकडे गेली. मी एका ट्रकखाली शिरलो. मला वाटलं, राग आला असेल, संध्याकाळपर्यंत उतरेल. संध्याकाळी उतरलाही होता. मी माफी मात्र मागितली नाही. आमच्याकडे नवराबायकोत माफी मागायची रीत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी सिंधू गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेली. पहिला दसरा आला तेव्हा मी एकट्यानंच शेडमध्ये नारळ फोडला. तीन गाड्या उभ्या होत्या. सवयीनं मी ओलं फडकं हातात घेतलं होतं. ते घेऊन गाड्यांमधून फिरलो आणि मग खांबापाशी बसून रडलो. पुसायला काही नव्हतं.

तिला जाऊन चार वर्षं झाली असतील. तुळशीची लग्नं नुकतीच आटोपली होती. अशाच एका दुपारी एक पांढरी अॅम्बॅसिडर माझ्या शेडसमोर थांबली. मागच्या सीटवरून काठी टेकत हेमराज गुरुजी उतरले. हे सालेकसाकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. ही गाडी त्यांनी हौसेनं जुनी विकत घेतली होती आणि कचारगडच्या जत्रेला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तीतून नेऊन आणायचे. पूर्वी माझ्याकडे नेमानं यायचे. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गाडी चालवणं सुटलं आणि गाडी सहा पावसाळे गोठ्यात धानाच्या तणसीच्या ढिगाशेजारी उभी राहिली. आता गावातल्या एकाला ड्रायव्हर म्हणून घेऊन आले होते.

"मिस्त्री, नातीचं लगन हाये परवा," गुरुजी म्हणाले. "ती म्हंते, मी सासरी जाईन तं आजोबाच्याच गाडीत बसून जाईन. पन गाडीच्या पुढं मधात भला मोठा डाग हाये म्हंते. मले त काई दिसत नाई, सारं धुक्यावानीच हाये. तेवढा काढून द्या. नवरीची गाडी हाये बापा."

"काढतो की," मी म्हणालो. त्यात काय एवढं!

ड्रायव्हर जेवायला गेला. गुरुजी बाकावर टेकले. मी बादली आणली, साबणाचं पाणी बंपरवर ओतलं, सहा वर्षांची धूळ धुऊन काढली आणि फडक्यानं कोरडं केलं. मधोमध खरंच मोठा डाग होता, लालसर तपकिरी. मी पन्नी उचलली आणि खाली बसलो. बसल्यावर तो डोळ्यांसमोर आला. तळवा होता. चार बोटं एका बाजूला होती आणि करंगळी लांब, वाकडी.

बंपरमध्ये माझं तोंड होतं आणि त्या तोंडावर तिचा हात होता. तळ्यावर कुठेतरी टिटवी ओरडत होती. मला अगदी स्पष्ट वाटलं की आता मागून आवाज येईल, जेवता का म्हणून. मी मागे वळून पाहिलंसुद्धा. बाकावर गुरुजी होते, काठीवर हनुवटी टेकून.

"गुरुजी," मी म्हणालो, "एका दसऱ्याले ही गाडी माह्याकडं होती ना? तुमी परसाद न घेताच निंगून गेले होते."

गुरुजींना हसू आलं. "मी कायले जातो जी? बाईनंच हाकललन मले. हरदीचा हात मारलन गाडीवर अना म्हंते, गुरुजी, निंगा लवकर. हे ट्रकाच्या खाली हायेत तवरच निंगा. बाहेर आले का पुसून टाकतीन. माहा एक तरी राहू द्या."

"मंग? तो हात?"

"गेला असन पान्यानं. मंग माहे डोरेच गेले, कोन पाहाते?"

म्हणजे तो तोच दसरा होता. मी चारचौघांत तिचा हात पुसला, ती परात घेऊन पलीकडे गेली आणि तिनं एक हात माझ्या फडक्यापासून पळवून लावला. हळद केव्हाच गेली होती, पण पिठानं ओल धरली, ओलीनं क्रोमला भोकं पाडली, आणि मी दर वर्षी ओरडून सांगायचो ते अगदी तसंच्या तसं घडलं होतं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. इतकं खरं ठरायला नको होतं.

मी गुरुजींना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या भल्या माणसानं गाडी तशीच परत नेली असती आणि नातीला दुसऱ्याच्या गाडीतून पाठवलं असतं. निघत नाही म्हणून खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण परवा एक पोरगी या गाडीत बसून सासरी जाणार होती आणि तिच्या पुढ्यात गंजाचा डाग असता. सिंधूलाही ते चाललं नसतं. गाडीचं कपाळ चांगलं दिसावं म्हणूनच तर ती हात उमटवायची.

मी पन्नी पाण्यात बुडवली. आधी तळवा घेतला, मग अंगठा, मग एकेक बोट. इतक्या हलक्या हातानं मी आयुष्यात कधी घासलं नव्हतं. बोटाखाली तो तपकिरी चिखल जमत होता आणि दर वेळी पुसताना मला थांबावं लागत होतं. उन्हं उतरली, शेडचा खांब बंपरमध्ये लांबलचक झाला. करंगळी शेवटपर्यंत ठेवली होती. तीही गेली. बंपर लख्ख झाला, त्यात आभाळ आलं, रस्ता आला, माझं म्हातारं तोंड आलं.

मी डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवलं. गंज जातो, पण त्यानं केलेले खड्डे जात नाहीत. डोळ्यांना दिसणार नाहीत असे शेकडो बारीक खड्डे बोटाला लागत होते, आणि ते नेमके तिथेच होते जिथे तिचा हात होता. मी माझा पंजा त्यावर ठेवला. माझा चारी बाजूंनी बाहेर येत होता. इतक्या वर्षांत तिचा हात एवढा लहान होता हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग मेणाचा डबा उघडला. आणि इथे मी ती बेइमानी केली. डावीकडून मेण लावत आलो, उजवीकडून लावत आलो, वरून, खालून. बोटांच्या कडांपर्यंत फडक्याचं टोक नेऊन लावलं. तेवढा हात सोडला. मेण लागलं असतं तर ते खड्डे कायमचे बुजले असते.

झाल्यावर सवयीप्रमाणे पाणी शिंपडलं. सगळ्या बंपरवर पाण्याचे मणी उभे राहिले आणि मधोमध पाणी पसरलं, पाच बोटांत. क्षणभर ओला हात लखलखला, आणि मग वाळून गेला.

गुरुजी जवळ आले. बंपरवर तळहात फिरवून म्हणाले, "आता नाई दिसत ना जी?"

"नाई दिसत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मजुरी घेतली नाही, नातीचा आहेर समजा म्हणालो. गाडी हायवेला लागेपर्यंत मी बघत उभा होतो.

वर्ष तसं वाईट गेलं. पाऊस लागला की मला ती अॅम्बॅसिडर आठवायची. एकीकडे वाटायचं, आता उमटत असेल. दुसरीकडे लाज वाटायची, की ज्या माणसानं भरवशानं गाडी हातात दिली त्याची गाडी मी मुद्दाम गंजायला सोडली. मिस्त्रीचा गंज परत येत नाही असं कोणी म्हणालं की मी आता खरंच मान खाली घालायचो.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी गाडी आली. थांबायच्या आधीच मला दिसलं. पुढच्या बंपरवर मधोमध फिकट तांबूस हात होता, नुकता उमटल्यासारखा. गुरुजी या वेळी काठी न टेकता उतरले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. ते तडक माझ्याकडे आले, माझं मनगट धरलं आणि मला बंपरसमोर नेऊन उभं केलं, शाळेत चुकलेल्या पोराला फळ्यापाशी नेतात तसं.

"मिस्त्री, ह्यो डाग नोहे. ह्यो हात हाये. करंगरी पाहा. या हातचा चहा मी पेलो हावो."

मी सगळं सांगितलं. दसऱ्याचं, फडक्याचं, आणि मेण मुद्दाम लावलं नाही तेही. "मी तुमचं काम कच्चं केलो, गुरुजी," मी म्हणालो. "तुमाले फसवलो."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. मग म्हणाले, "तुमी कायचे फसवले? बाईनं मले सांगितलं होतं, पुसू देऊ नोका. अना मीच आंधरा तुमच्याकडं पुसायले घेऊन आलो. चूक माही झाली. आता राहू द्या तो. माही गाडी हाये, कोन काय म्हंते ते म्हनो."

हेच ऐकायला मी वर्षभर आसुसलो होतो. पण इतकी वर्षं केलेला धंदा ऐन वेळी तोंड बंद ठेवू देत नाही. मी म्हणालो, "गुरुजी, राहू देलो तं हात नाई राहात. गंज आत आत जाते. पाच-सात पावसारे गेले का तिथं भोकच पडते. मंग ना हात, ना बंपर."

"मंग कराचं काय?"

"दर साली दसरा झाला का गाडी आना. मी घासून काढतो. मेण लावत नाई. पुढच्या दसऱ्यापर्यंत तो आपला आपण येते."

गुरुजी हाताकडे बघत उभे राहिले. बंपरमध्ये आम्ही दोघं होतो, दोघांचीही पोटं सुटलेली, आणि आमच्या मधे तो हात होता.

"म्हंजे दर दसऱ्याले बाईनं उमटवाचा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "अना तुमी पुसाचा."

"आधीबी तसंच होतं, गुरुजी," मी म्हणालो आणि पन्नी पाण्यात बुडवली.